इंजिन कुणाच्या हाती द्यायचं, बॉस?

मंडळी, आपली पिढी भलतीच चोखंदळ आहे. जेवायला जाण्याआधी आपण चार रिव्ह्यू वाचतो, जिम लावण्याआधी ट्रायल घेतो, फ्लॅट बघायला गेलो तर नळ सोडून पाण्याचं प्रेशर चेक करतो. पण मेकॅनिक निवडायची वेळ आली की सगळी अक्कल पार्किंगमध्ये ठेवून येतो. ऑफिसातला कुणीतरी म्हणतो, 'आपला माणूस आहे रे, एकदम सॉलिड काम', की झालं! किल्ली त्याच्या हातात.

रोजच्या गाडीचं सर्व्हिसिंग असेल तर हा फंडा चालून जातो. पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, इंजिन हवेवर थंड होणारं असेल आणि त्यातून थोडी जास्त ताकद काढायची असेल, तर 'आपला माणूस' एवढ्यावर भागत नाही.

विषय निघाला तो हर्सूलच्या एका मित्रामुळे. हा पठ्ठ्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. घर हर्सूल गावात, हर्सिद्धी मातेच्या मंदिराच्या बाजूला. अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे १९७१ची फोक्सवॅगन बीटल. पप्पांनी ऐंशीच्या दशकात मुंबईहून सेकंडहॅण्ड आणलेली. आता तिचं इंजिनचं काम निघालं होतं. सायलेन्सरमधून निळा धूर, फरशीवर तेलाचा डाग, आणि क्रँकची पुली हातात धरून मागे-पुढे केली की आतून 'टक् टक्'.

पप्पा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं म्हणणं एकच, या गाडीतून एकदा अजिंठ्याला जाऊन यायचं. चिरंजीवांचं म्हणणं, जायचं तर चौक्याचा घाट रांगत नाही, रुबाबात चढायचा. त्यासाठी बाजूला काढलेले पैसे म्हणजे दोन वर्षांचा बोनस. हेच पैसे फ्लॅटच्या बुकिंगलाही चालले असते, हे वहिनींनी दोनदा, अगदी शांतपणे सांगून झालं होतं. म्हणजे चुकायला जागा नव्हती. इंजिन एकदाच बांधायचं होतं आणि ते नीटच बांधलं जायला हवं होतं.

हवेचा मामला

साध्या कारमध्ये इंजिनभोवती पाणी फिरतं आणि रेडिएटर ते थंड करतो. बांधणाऱ्याने थोडी कसर ठेवली तरी ते पाणी बरंचसं सांभाळून घेतं. बीटलमध्ये पाणीच नाही. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, सगळे आडवे झोपलेले. प्रत्येकाला बाहेरून पंख्यासारख्या पात्या आणि वरून हवा मारणारा एक मोठा पंखा. हा पंखा बसतो जनरेटरच्याच शाफ्टवर आणि दोघांना फिरवतो एकच पट्टा. म्हणून बीटलमध्ये चार्जिंगचा लाल दिवा पेटला तर 'घरी जाऊन बघू' म्हणायचं नसतं. पट्टा तुटला असेल तर पंखाही बंद पडलेला असतो. गाडी तिथेच बाजूला घ्यायची.

आपल्या शहराला हे प्रकरण खरं तर अजिबात नवीन नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि हवेवर थंड होणारी इंजिनं इथल्या हजारो घरांची रोजीरोटी झाली. इंजिन मागे आणि त्यावर वारा घालणारा पंखा असलेली जुनी पेट्रोल रिक्षा तर बीटलची चुलत बहीणच म्हणा ना! फरक एवढाच, की रिक्षाचं इंजिन बांधणारे गल्लोगल्ली सापडतात, बीटलचं बांधणारे शोधावे लागतात.

जगात मात्र त्यांची कमी नाही. १९३८मध्ये रंगरूपाला आलेली ही गाडी शेवटची बाहेर पडली ती ३० जुलै २००३ रोजी, मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे. तोवर दोन कोटी पंधरा लाखांच्या वर बीटल बनल्या होत्या. तिच्या घराण्यातल्या पोर्शे ९११नेही हवेवरचं इंजिन १९९८पर्यंत सोडलं नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियापासून ब्राझीलपर्यंत या इंजिनांवर ताकद वाढवण्याचे सगळे प्रयोग झालेत. पिस्टन मोठे, क्रँक मोठा, कार्ब्युरेटर दोन. सगळ्याचे पार्ट मिळतात, पैसे मोजले की कुरिअरने हर्सूललाही येतात. म्हणजे अडचण पार्टची उरलेली नाही. ते जोडणाऱ्या हातांची आहे.

तीन उस्ताद

मित्राने तीन जणांना गाठलं. दोन ठिकाणी मी सोबत होते, तिसरीकडचं त्याने तपशीलवार सांगितलं.

पहिले आमच्याच शहरातले चाचा. जालना रोडच्या मागच्या एका गल्लीत गॅरेज, चाळीस वर्षं हात काळे केलेले. फियाट, बुलेट, चेतक आणि मधूनमधून एखादी बीटल. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, 'बीच का बेअरिंग गया बेटा.' खर्च विचारला तर उत्तर, 'खोलने के बाद देखेंगे.' कागद नाही, आकडा नाही.

दुसरे पुण्याचे. काचेचं ऑफिस, एसी, कॉफी, भिंतीवर डायनोचे ग्राफ. त्यांनी बीटल न बघताच प्लॅन सांगितला. मूळ इंजिन १५८४ सीसीचं, म्हणजे ८५.५ मिलिमीटरचा बोअर आणि ६९ मिलिमीटरचा स्ट्रोक. बोअर ९०.५ केला की होतात १७७६ सीसी. 'पण ते तर सगळेच करतात. आपण ९४ बाय ८२ करू. २२७६ सीसी!' जुनी केस फेकायची, नवी अॅल्युमिनियमची मागवायची. मित्राचे डोळे चमकले, हे मी स्वतः बघितलं.

तिसरा वाळूजचा. आमच्याच वयाचा इंजिनीअर, छोटं टूलरूम, मायक्रॉनमध्ये बोलणारा. मशिनिंग, होनिंग, बॅलन्सिंग सगळं करतो. बीटलचं इंजिन मात्र त्याने जन्मात उघडलेलं नव्हतं, आणि हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

आता सांगा, तुम्ही कुणाला दिलं असतं?

कोण काय विचारतो?

आपण प्रश्नांची यादी घेऊन जातो, ते बरोबरच आहे. पण समोरचा आपल्याला काय विचारतो, यावरून जास्त कळतं. पुण्यात पहिला प्रश्न होता, 'बजेट किती?' चाचांचे प्रश्न वेगळे. गाडी कोण चालवणार? रोज की महिन्यातून एकदा? मे महिन्यात पण काढणार का? घाट कुठला? पेट्रोल कुठलं टाकता?

वरवर गप्पा वाटतात, पण प्रत्येक प्रश्नाचा थेट इंजिनशी संबंध आहे. ताकद वाढवली की उष्णता वाढते. पंखा मात्र तोच, पात्याही जवळपास तेवढ्याच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो, म्हणजे थंड करायला येणारी हवाच गरम. थंड देशात मजेत चालणारं इंजिन चौक्याच्या घाटात, दुपारी दोन वाजता, चार माणसं घेऊन कसं वागेल, याचा विचार बांधणाऱ्यानेच आधी करायचा असतो.

शिवाय इथे तेलही थंड करण्याचंच काम करतं आणि ते असतं फक्त अडीच लिटर. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या घरातच तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत बसवलेला होता, त्यामुळे तो सिलिंडर कायम जास्त तापायचा. १९७१च्या मॉडेलपासून कूलर मागे सरकवला गेला. आपल्या इंजिनात कुठला कूलर आहे, हे चाचांनी झाकण उघडून आधी बघितलं. मग इंजिनभोवतीचे पत्रे मोजले. दोन गायब होते. 'ये पत्रे फालतू नहीं हैं बेटा, हवा का रास्ता हैं.' अगदी बरोबर. हे पत्रे आणि त्यांची रबरं गरम हवा खालीच ठेवतात, ती परत पंख्यात ओढली जाऊ देत नाहीत. 'दिसायला छान' म्हणून ते काढून टाकणाऱ्यांच्या गॅरेजमधून सरळ बाहेर पडावं.

कागदाचा झोल

२२७६चं भूत उतरवलं ते आरसी बुकाने. त्यावर इंजिन नंबर असतो आणि सीसीही असते. बीटलचा इंजिन नंबर कुठे असतो? केसवर, जनरेटरच्या बैठकीखाली कोरलेला. केस फेकली की नंबर गेला. मग आरटीओची परवानगी, नोंद, चकरा. आणि सीसीच वाढली तर मामला आणखी बिकट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठणकावून सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन उघडून बघितलं, तर उत्तर काय देणार?

अजून एक गंमत आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, वेगळी नंबरप्लेट मिळते. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेली चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मित्राला हा दरवाजा उघडा ठेवायचा होता.

पुण्याच्या साहेबांना हे विचारलं तर म्हणाले, 'कोण बघतंय हो?' मित्र क्वालिटीचा माणूस. हे वाक्य तो कंपनीत रोज ऐकतो आणि रोज त्यावर लाल शेरा मारतो. तिथेच विषय संपला.

मग ताकद कुठून?

सीसी न वाढवता इंजिन जोरात पळू शकतं का? पळू शकतं, पण त्यासाठी हिशेब लागतो. उदाहरण बघा. १५८४ सीसी म्हणजे एका सिलिंडरला ३९६. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ६१ सीसी असेल, तर कॉम्प्रेशन होतं साडेसातास एक. हेड घासून ती जागा ५० सीसी केली, तर तेच होतं जवळपास नऊ. ताकद वाढली, पण आपलं साधं पेट्रोल त्याला पुरेलच असं नाही. गरम इंजिनात ते वेळेआधी पेट घेतं, 'टिंग टिंग' आवाज येतो आणि काही दिवसांत पिस्टनला भोक. म्हणून हेडमध्ये ब्युरेटने तेल सोडून ही जागा चारही सिलिंडरची मोजणारा माणूस हवा. 'अंदाजे ठीक आहे' म्हणणारा नको.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. जुने रबरी पाइपही ते खातं. बीटलचं इंजिन मागे, पाइपही तिथेच. पेट्रोल गळलं तर काय होईल, ते सांगायला नको. जो बांधणारा जेट आणि पाइप बदलायचा विषय स्वतःहून काढतो, त्याला एक मार्क जास्त द्या.

चाचांचा कान, वाळूजची मायक्रोमीटर

निवड शेवटी चाचांवर आली. पण मित्राने एक अट घातली, मोजमाप कागदावर हवं. चाचा उखडले. 'कागज पे इंजिन चलता क्या?' मित्र म्हणाला, 'चाचा, हाथ तुम्हारा, माप वाळूज का.' दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन, 'ले चल.'

बीटलची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. वजनाला हलकी, पण खूप तापली की वाकते आणि क्रँकच्या बेअरिंगची जागा गोल राहत नाही. वाळूजच्या टेबलावर मोजमाप निघालं तेव्हा मधल्या बेअरिंगची जागा चक्क अंडाकृती झालेली. चाचांनी कानाने सांगितलं होतं तेच. पण पुढच्या जागेचा आकडाही सीमेच्या बाहेर होता आणि तो कानाला ऐकू आला नव्हता. चाचा थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, 'सब जगह का नाप ले बेटा, हेड का भी.'

हेडमध्ये स्पार्क प्लगच्या भोकापासून व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत बारीक तडा निघाला. ही या इंजिनांची जुनी खोड. हेड नवे मागवले. केस मात्र वाचली. सगळ्या बेअरिंगच्या जागा एका रेषेत बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठी बेअरिंग बसणार होती, त्यामुळे कोरलेला नंबर जागच्या जागी. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचप्लेट एकत्र बॅलन्स झाले. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड ग्रॅमच्या हिशेबात जुळवले. क्रँकची 'टक् टक्' चाचांनी स्वतः शिम लावून संपवली. हिची हद्द ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर. डायल लावली, काटा ०.१०वर. चाचांनी तो आकडा स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला आणि खाली सही केली!

सीसी १५८४च राहिली. कंपनीने या इंजिनाला दिलेली ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. ऐकायला काहीच नाही. पण म्हाताऱ्या इंजिनात त्यातले किती घोडे उरले होते, कुणास ठाऊक. पूर्ण पन्नास परत मिळाले आणि ते उन्हातही टिकले, तर चौक्याच्या घाटाला तेवढे पुरतात.

किल्ली देण्याआधी

तुमच्याकडे बीटल नसेल, पण बुलेट, आरएक्स किंवा बाबांची चेतक असेलच. हिशेब तोच.

• त्याने कालच बांधलेलं इंजिन बघू नका. दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या इंजिनच्या मालकाला भेटा. किती किलोमीटर झाले, तेल किती खातं, ते विचारा.

• मशिनिंग कुठे होतं, ते विचारा. 'सगळं इथेच' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे काम बाहेर, अमुक ठिकाणी होतं' म्हणणारा बरा.

• मोजमापाचा कागद मागा. त्यात क्लिअरन्स, कॉम्प्रेशन आणि नटबोल्टचा टॉर्क हवा.

• पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पार्ट कोण आणणार, आणि चुकीचा आला तर परत कोण पाठवणार, हे आधी ठरवा.

• काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. मोडका असला तरी.

• पहिली वीस मिनिटं कोण चालवणार, ते विचारा. नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन सुरू होताच साधारण दोन हजार आरपीएमवर ठेवायचं असतं. आयडलवर सोडलं तर कॅम तिथेच मरतो. तेलही झिंक असलेलं हवं.

• पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल बदलणं आणि टॅपेट सेटिंग त्याच्याच हातून, त्याच पैशात, हे बोलून घ्या.

• आणि तुमच्या एखाद्या हौसेला तो 'नको' म्हणतो का, ते बघा. सगळ्याला 'हो' म्हणणारा माणूस इंजिन विकत असतो, बांधत नसतो.

सध्या मित्राची बीटल रनिंग-इनमध्ये आहे. रोज सकाळी ऊन चढायच्या आत हर्सूल टी-पॉइंटपासून सावंगीपर्यंत आणि परत, पन्नासच्या आत. घाट अजून बाकी आहे. चाचांनी सांगितलंय, ५०० किलोमीटर होईपर्यंत चौक्याचं नावही काढायचं नाही. पप्पांनी ओडोमीटरचे आकडे कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केलीय. काल सकाळपर्यंत झाले होते ३१२.